त्रेचाळीस टक्के

माझ्या फोनच्या बॅटरीचा आकडा मुलखाचा थापाड्या आहे, हे मला माहीत होतं. चाळीसच्या आसपास आला की फोन कधीही मान टाकायचा. रत्नागिरीतल्या दुकानदाराने समजावलं होतं, "सर, तो आकडा मोजलेला नसतो, अंदाज असतो. बॅटरी जुनी झाली की अंदाज हुकतो. बदलून टाका." पण मी चिकट मास्तर. नाहीच बदलली.

त्या वर्षी शिमग्याला दादा मुंबईहून येऊ शकला नाही. दुसऱ्या दिवशी वहिनीचं मोठं ऑपरेशन होतं, दोघंही धास्तावलेली. दादाचं एकच मागणं होतं, देवळात गाऱ्हाणं घालतील तेव्हा फोन धर, आम्हाला ऐकू दे. आमच्याकडे मानकरी आजोबा प्रत्येक घराच्या कर्त्याचं नाव घेऊन देवाला साकडं घालतात. नाव पुरुषाचंच, ही रीत.

निघताना त्रेचाळीस टक्के दिसत होते. म्हटलं, पुष्कळ झाले. गर्दीत फोन उंच धरून उभा राहिलो. आमच्या घराच्या आधी दोनच घरं उरली होती आणि फोन काळा झाला. भरवशाच्या म्हशीला टोणगा! दादाचं नाव घेतलं गेलं, ते मी एकट्याने ऐकलं. स्वतःचा इतका राग आला की फोन विहिरीत टाकावासा वाटला.

देवळामागच्या एका घरात चार्जरला लावला, तर थोड्या वेळाने उठला आणि निर्लज्जासारखे पुन्हा त्रेचाळीस दाखवू लागला. आजोबांना झालेलं सांगितलं. वाटलं, आता ओरडतील. पण ते येऊन फोनजवळ जमिनीवर बसले.

"देवान ऐकलान. आता त्यांना ऐकवूया. लाव फोन."

फोन वहिनीने उचलला. दादा हॉस्पिटलच्या कागदांवर सह्या करायला खाली गेला होता. आजोबा जरा घुटमळले. मग त्यांनी हात जोडले.

"बा म्हाराजा," ते म्हणाले, आणि पुढे दादाचं नाही, वहिनीचं नाव घेतलं. "ही तुझी लेक उद्या ऑपरेशनला जात्येय. तिला धडधाकट घरी आण."

पलीकडून काहीच आवाज येईना. पुन्हा बंद पडला की काय म्हणून मी स्क्रीन बघितली. फोन चालू होता. मग वहिनीचा आवाज आला.

"भावजी, बावीस वर्षं या घरात आहे मी. देवापुढे माझं नाव आज पहिल्यांदा घेतलं कुणी."