मामांनी निळ्यांना लिहिलेला कागद

बर्फावर माझ्या बायकोच्या मामांइतकं प्रेम करणारा दुसरा माणूस सबंध खानदेशात सापडणार नाही, आणि अशा माणसाला मी दोन-अडीच महिने फसवत होतो. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्यांच्या गमती सांगणार आहे, वाचणारे हसतील, आणि त्या हसण्याखाली माझी चूक झाकली जाईल. तसं एकदा झालेलं आहे, म्हणून मला भीती वाटते.

मामांनी जळगावातल्या एका बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून उभी हयात काढली. बाहेर पारा चव्वेचाळीसला टेकलेला, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि हे आत स्वेटर घालून, कानटोपी ओढून, मिठाच्या गार पाण्यात बुडवलेले डबे तपासताहेत. डब्यातून लादी निघाली की ती आधी उजेडासमोर धरायची. पोटात पांढुरकी रेघ दिसली की मामांचा तो दिवस वाया गेला. त्यांच्या मते बर्फाला स्वभाव असतो. धरणगावला एका लग्नात सगळे नवरीला बघत होते तेव्हा मामा पाण्याच्या पिंपात वाकून बघत होते. आतला एक तुकडा काढून त्यांनी कानाशी धरला, तो तडतडला, आणि मुलीच्या बापाला बाजूला घेऊन ते गंभीरपणे म्हणाले, "हाऊ बर्फ घाईमा जमेल शे." बर्फ घाईत गोठवलाय, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. त्या बापाला वाटलं, मुलाकडचं काहीतरी कळलं यांना. तो मटकन खाली बसला. आमच्या घरी आले की मामा आधी फ्रिजपाशी जात, वरचा कप्पा उघडून आतला बर्फाचा थर बोटाने खरवडत आणि माझ्या बायकोला म्हणत, "बाई, याले श्वास घेऊ दे." मग खुर्चीवर बसून तिची तब्येत विचारत. मामींचा यावर कायमचा टोमणा असे, "चाळीस वरीस बर्फसंगे राह्यनात, त्याना निम्मं बोलनं मन्हासंगे व्हतं तर मी बी गार पडती!"

काम सुटल्यावर मामांना करमेनासं झालं. बायकोने त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला आणि बोलून शोधायला शिकवलं. मामांनी फोन तोंडाशी धरून पहिला शब्द उच्चारला तो 'बर्फ'. फोनने हिमालय दाखवला, गोळेवाले दाखवले, आणि मग परदेशातल्या आइस हॉकीचा सामना दाखवला. त्या सकाळी त्यांनी अक्षरशः धावत येऊन मला बोलावलं. "पाव्हना, दखा! केवढी लादी शे! आनि एकजीव!" लादीवर चिलखतासारखे कपडे घातलेले धिप्पाड लोक काठ्या घेऊन एका काळ्या चकतीमागे घसरत होते आणि मधूनच एकमेकांना ठोसे मारत होते. मामांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांना प्रश्न पडला होता तो खालून गारवा देणाऱ्या नळ्या कुठून फिरवल्या असतील याचा.

तेव्हापासून आमच्या मामांचा एक संघ झाला. तो कॅनडातल्या एका मोठ्या शहराचा होता. गणवेशाच्या रंगावरून मामा त्याला 'निळ्यावाले' म्हणत. निळे बहुतेक वेळा हरत. ते मामांना माहीत होतं, पण निवड खेळावरून झालेलीच नव्हती. सगळ्या संघांमध्ये निळ्यांच्या मैदानातला बर्फ सर्वांत नितळ, हे मामांनी महिनाभर बघून ठरवलं होतं. "खेळस तर कोनबी. बर्फ कोन करस, ते दखा." तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. त्यामुळे मामांचं घर पहाटे उठून टीव्हीपुढे बसू लागलं. मामा स्वेटर आणि कानटोपी घालून बसत, कारण तिकडे थंडी असते. एप्रिलमध्येसुद्धा. चकती निळ्यांच्या जाळ्याकडे आली की त्यांना बघवत नसे. ते उठून न्हाणीघरात जात, आतून कडी लावत आणि ओरडत, "गयी का?" मामी चहा गाळता गाळता सांगत, "गयी." तीन डावांच्या मधल्या सुटीत मात्र मामा पुढे सरकून बसत. कारण तेव्हा बर्फ सारवायची गाडी मैदानात येई. मागून गरम पाणी सोडत, गोल फिरत, ओरखडे बुजवत ती जाई आणि मागे आरसा ठेवून जाई. बर्फाला गरम पाणी हवं, हे मामा कारखान्यात वर्षानुवर्षं सांगत आले होते आणि कुणी ऐकलं नव्हतं. ती गाडी एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा चालवायचा. खेळाडूंपैकी एकाचंही नाव मामांना सांगता आलं नसतं, पण त्या म्हाताऱ्याने एखादा कोपरा सोडला तर ते अस्वस्थ होत. "आज डायवरनी तब्येत बरी नही."

मग जानेवारीत मी फोनवर बातमी वाचली की निळ्यांचा संघ ते शहर सोडून एका लहान शहरात जाणार आहे. मी इंग्रजीचा शिक्षक. अशा बातम्या मामांना मीच सांगत असे. त्यांनी विचारलं, "लहान म्हंजे कितलं लहान?" मी विचार न करता म्हणालो, "असं समजा, जळगाव सोडून धुळ्याला." आणि बोलून गेल्यावर मी जीभ चावली. मामांचा कारखाना शेवटी धुळ्यालाच गेला होता. मालकाने एके दिवशी ट्रक लावले, यंत्रं चढवली, आणि ज्यांच्या हाताला त्या यंत्रांची नस ठाऊक होती त्यांना येता का म्हणून विचारलंसुद्धा नाही. मामी सांगतात, त्यानंतर मामा एकदा एसटीने धुळ्याला गेले, कारखान्याच्या भिंतीबाहेर रस्त्यावर उभे राहून आतल्या कॉम्प्रेसरचा आवाज ऐकला आणि आल्या पावली परत आले. जेवताना एवढंच म्हणाले, "धुयं काय वाईट नही. पन मशीन खोकली राह्यनं."

बातमी ऐकून मामा म्हणाले, "आनि त्या डायवरले कोनी इचारं व्हई का?"

दोन दिवसांनी ते माझ्याकडे आले. आमच्याकडे जावई म्हणजे पाव्हना, त्याला काम सांगत नाहीत. जावई आला की त्याला पाट द्यायचा, वाढायचं, तो उठेल तेव्हा उठायचं. तो चुकला तरी चुकला म्हणायचं नाही. त्यामुळे मामांना मुद्द्यावर यायला दोन चहा लागले. "पाव्हना, तुम्हले कसं सांगू... एक कागद लिखना व्हता. इंग्रजीमा." कागद म्हणजे पत्र. निळ्यांच्या मालकाला. फोनवरून नाही, पाकिटात घालून, तिकीट लावून. मामा सांगत गेले, मी लिहीत गेलो. पत्रात लिहिलं होतं की तुमचा बर्फ मी रोज बघतो, तो चांगला आहे, पण डाव्या हाताच्या कोपऱ्यात थर पातळ पडतो, तिथल्या नळीत मिठाचं पाणी कमी जात असावं, बघून घ्या. तुम्हाला जायचं तर जा, तुमची मर्जी, पण ज्याने इतकी वर्षं तुमचा बर्फ राखला त्या डायवरला विचारा. तो नाही म्हणाला तरी चालेल, पण विचारा. खाली त्यांनी मराठीत सही केली आणि पूर्ण पत्ता घातला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत ते पत्र मी शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं. मी स्वतःला सांगत होतो की प्रेमाने वाचतोय. पण डाव्या कोपऱ्याशी आलो तेव्हा मी आवाज थोडा मामांसारखा केला. सगळे पोट धरून हसले. एक सहकारी म्हणाला, "सर, कॅनडाला जळगावहून बर्फाचं मार्गदर्शन!" पुन्हा वाचा म्हणाले, मी पुन्हा वाचलं. इतके लोक हसल्यावर ते पत्र टपालात टाकायला मला लाज वाटू लागली. उद्या टाकू म्हणून मी ते टेबलाच्या खणात ठेवलं. त्यावर चाचणीचे पेपर आले. मग वार्षिक परीक्षेचं काम आलं.

पत्र खणात पडल्यावर आठवड्याभराने मामांकडे भरताचं जेवण होतं. मामींनी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. मामांनी माझ्या पानात आणखी एक पळी भरीत वाढलं आणि दुसरीकडेच बघत म्हणाले, "परदेशमा टपालले कितला दिन लागतस?" पत्र टाकलं का, असं ते विचारू शकत नव्हते. मी तेव्हाच खरं सांगू शकलो असतो. मी म्हणालो, "लागतो महिनाभर तरी."

एवढंच बोललो. पण त्या तीन शब्दांनी मामांना कामाला लावलं. त्यांनी दारावरच्या पाटीला नवा रंग दिला. घराचा क्रमांक इंग्रजी आकड्यांत लिहून घेतला. टपाल आणणाऱ्या माणसाला थांबवून, ताक पाजून आपलं पूर्ण नाव दोनदा सांगितलं. महिना उलटल्यावर ते रोज अकराला ओट्यावर येऊन बसू लागले. माझा शाळेचा रस्ता त्यांच्या दारावरून जातो. मी रेल्वे सायडिंगच्या बाजूने, उन्हातून, लांबून जाऊ लागलो. शाळेत पोचलो की खणाकडे बघायचं नाही असं ठरवायचो आणि बघायचो. बायको जेवताना सहज म्हणायची, "मामा आज विचारत होते, पाव्हना रागावलेत का, येत नाहीत." मी भाकरी मागायचो. उत्तर येत नाही याचा दोष मामांनी निळ्यांना एकदाही दिला नाही. म्हणत, घर हलवायचं म्हणजे काय सोपं आहे, सापडला नसेल त्यांना वेळ.

निळ्यांचा जुन्या शहरातला शेवटचा सामना एप्रिलात, आपल्याकडे सकाळी साडेसहाला होता. मामांनी निरोप पाठवला होता, टाळणं शक्य नव्हतं. मी गेलो. मामा स्वेटरमध्ये, कानटोपीत, पंख्याखाली खाटेवर घामाने निथळत बसले होते. निळे त्या दिवशीही हरत होते. दुसऱ्या सुटीत गाडी आली. लोक उभे राहिले, टाळ्या वाजवू लागले. म्हाताऱ्याने शेवटची फेरी इतकी हळू मारली की मामी गॅस बंद करून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. डाव्या कोपऱ्यापाशी तो थांबला आणि पुन्हा एकदा वळसा घालून गेला. "दखं?" मामा पुटपुटले. "कागद पोचना शे." मग त्यांचा चेहरा पडला. "पन उत्तर नही. पाव्हना, मी मिठनं लिखं, ते त्याले लागनं व्हई. आपन कोन, त्यासना बर्फमा खोट काढनारा?" आणि न्हाणीघराकडे न जाता, टीव्हीकडे न बघता, ते माझ्यापुढे हात जोडून बसले. "तुम्हले परत तरास देस. आखो एक कागद लिखा. मी चुकनू, माफ करा, आसं लिखा. ते जावाना आदी त्यासले पोचाले पाहिजे."

न पाठवलेल्या पत्राबद्दल मामा माफी मागत होते. मी कागद घेतला. पेन उघडलं. पुन्हा बंद केलं. मग मी सगळं सांगितलं. खण, पेपर, भरताच्या जेवणातले ते तीन शब्द, आणि सगळ्यांत शेवटी शिक्षकांची खोली. आवाज त्यांच्यासारखा काढला होता, तेही. मामी भिंतीला टेकल्या. टीव्हीवर खेळ चालू होता, कुणी बघत नव्हतं.

मामांनी कानटोपी काढली. मला वाटलं ओरडतील. त्यांनी ओरडावं असं मला वाटत होतं. ते अगदी हळू म्हणाले, "नही, नही. तुम्हनी काय चूक? जवाईले काम सांगं, ती मन्हीच चूक." आणि मामींना म्हणाले, "चहा ठेव वं, पाव्हनाले."

म्हणजे मला माफीही मिळणार नव्हती. जावई चुकतच नाही, तर माफ कशाचं करायचं? मी वाकून त्यांच्या पायांना हात लावायला गेलो तर त्यांनी घाईने पाय खाटेवर घेतले. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, आणि तिच्यामुळे जावयाच्याही. लग्नाच्या सतरा वर्षांत मी त्यांच्यापुढे एकदाही वाकलेलो नव्हतो आणि आताही ते वाकू देणार नव्हते. मी खुर्चीवरून उठलो आणि खाली, त्यांच्या खाटेपाशी, फरशीवर बसलो. इतकी वर्षं मी त्यांच्याशी शाळेतली मराठी बोलत आलो होतो, त्या सकाळी मात्र तोंडात आली ती माझ्या आईची अहिराणी बोली.

"मामा, आठे जवाई कोनी नही शे. मी तुम्हना कागद दाबी ठेवा, तुम्हले हसनू, आनि खोटं बोलनू. मी चुकनू, मामा. माले माफ करा."