दादासाठी मागणं

वडिलांना मूठमाती देताना दादा माझ्यासाठी तासभर थांबला नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. का उशीर झाला ते सांगत नसे. दफनविधी चारला होता. एका पाडलेल्या घराची सागवानी दारं त्याच दिवशी उचलायची होती, म्हणून सकाळी कर्जतहून माझ्या खालापूरला परत गेलो. जुन्या दारांचाच माझा धंदा. घासाघिशीत वेळ गेला आणि पाच वाजता कर्जतला पोहोचलो, तर खड्डा बुजलेला.

त्यानंतर कर्जतच्या भिसेगावला दादाच्या घरी होणारी रविवारची प्रार्थना मी सोडली आणि खालापूरला माझ्या घरी वेगळी सुरू केली. चार कुटुंबं माझ्याबरोबर आली.

वर्षश्राद्ध आम्हा ख्रिस्ती लोकांत नसतं, पण वर्षाने वडिलांच्या आठवणीची प्रार्थना दादाकडे होती. पाळकांनी वाचन मला दिलं: अटक होण्यापूर्वी येशूने आपल्या माणसांसाठी, आणि पुढे येणाऱ्यांसाठीही, ती एक असावीत म्हणून केलेली प्रार्थना. आमच्यात रीत अशी, की वाचणाऱ्याने नंतर उजवीकडे बसलेल्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायची. माझ्या उजवीकडे पाळकांनी दादाला बसवलं होतं.

मी पाळकांना बाहेर ओट्यावर बोलावलं. म्हटलं, दादाने आधी चारचौघांत चूक कबूल करावी, मग वाचतो. पाळक कशेळ्याकडचे, मोजकं बोलणारे.

"हितं काय दारं घ्यायला आलास का रं? ज्यांच्यासाठी येशूनं मागितलं, ते थोड्या वेळानं त्याला धरल्यावर पळणार व्हते. त्याला ठाऊक व्हतं. अट घातली का त्यानं?"

माझं डोकं फिरलं. चपला पायात घातल्यासुद्धा. पण पाय निघेना. समोरच्याचा शब्द घेतल्याशिवाय मी आयुष्यात मूठ उघडली नाही, आणि इथे पळून जाणार हे ठाऊक असलेल्यांसाठी एक माणूस मागत होता. शिवाय त्यांना जगातून उचलून ने असंही त्याने मागितलं नव्हतं. इथेच ठेव, फक्त वाइटापासून राख, एवढंच. मी मात्र चार घरं बाजूला काढली होती आणि त्याला शांती म्हणत होतो.

आत जाऊन वाचलं. मग डोळे मिटून म्हणालो, "देवा, दादाला सांभाळ. त्याचे गुडघे बरे कर. माझा राग गेलेला नाही, तो तू बघ. पण आम्हाला तोडू नकोस."

दादाच आधी आमेन म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "राग माझ्यावर हाय ना? मग देवाला कशाला सांगतोस, मला सांग."

चहा येईपर्यंत मी सांगितलं. सागवानी दारांचंही. तो ऐकत राहिला. लांबून आलेली माणसं उन्हात उभी होती, एवढंच म्हणाला. मी म्हटलं, मी मुलगा होतो त्यांचा. त्याने चहा माझ्याकडे सरकवला.

पुढच्या रविवारी मी आमच्या चारही घरांना घेऊन भिसेगावला गेलो. दादाने अजून माफी मागितलेली नाही. मी वाट बघतोय, त्याच्या शेजारी बसून.