टोपीची खुंटी

अकोल्याच्या फलाटावर बाबांनी मला निरोप दिला तो डाव्या हातानं. उजवा खांदा सहा महिन्यांपासून आखडला होता, हात कानाच्या वर जात नव्हता. आणि त्यांचा मुलगा आखडलेले खांदे सोडवायलाच शिकत होता.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मुंबईहून फिजिओथेरपीची पदविका घेऊन मी हिवरखेडला आलो, तेव्हा गावानं माझी बॅग चाचपून पाहिली. सुई नाही, गोळी नाही. पोरगं मालीश शिकून आलं, असा निकाल लागला. त्यात मी वरच्या शिक्षणासाठी पुन्हा मुंबईला निघालो. "चोळाचंच हाय ना?" बाबा म्हणाले. "मंग त्यात अजून दोन वर्सं काय शिकाचं?" खांदा बघू द्या म्हटलं, तर बापावर हात बसवू नको म्हणाले.

वॉर्डात आमच्या मॅडम पेशंटला भिंतीवर बोटं चढवायला लावत, रोज थोडी वर. ते बघून मला युक्ती सुचली. मी मायला पत्र लिहिलं: बाबांच्या टोपीची खुंटी दर आठवड्याला दोन बोटं वर ठोक. डाव्या हातानं टोपी काढणं अशुभ असतं, असं त्यांच्या कानावर घाल. त्यांना काही कळू देऊ नको. पुढच्या पत्रांत मी धीटच झालो. ते हट्टी आहेत, लहान मुलासारखं सांभाळून घ्यावं लागेल, असंही लिहिलं.

घरून बाबांची कार्डं येत. सर्व खुशाल, कपाशी बरी. खांद्याबद्दल अक्षर नाही. गुपित टिकलं, असं मी समजलो. इकडे पेशंट हसत म्हणून माझ्या 'मले'चं 'मला' झालं होतं.

दिवाळीत गेलो तर खुंटी माझ्या डोक्याच्या बरीच वर. बाबांनी उजवा हात सरळ नेला, टोपी काढली, झटकली आणि वावरात गेले. मी चुलीपाशी जाऊन मायला शाबासकी दिली. बहिणीनं, शांतीनं, पत्रं नीट वाचून दाखवली ना, विचारलं.

भाकर थापता थापता माय थांबली. शांती तर वरूडला नांदत होती. वैशाखात तिच्याच लग्नात मी पंगतीत जिलबी वाढली होती. मायला अक्षरओळख नव्हती.

"मंग वाचलं कोनं?" माझ्या तोंडची मुंबई गळून पडली.

"त्यायनंच. आखीन कोन वाचन? हट्टी हाय लिवलं, ते तं दोनदा वाचलं."

खुंटीही तेच ठोकत होते. पोरानं मले कळू देऊ नको म्हटलं हाय, तवा तू काई बोलू नको, अशी मायला ताकीद होती.

संध्याकाळी बाबा आले. पाय धुता धुता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "डाव्या गुडघ्यात बी कळ येऊन राह्यली. मुंबईले गेला की मायले पत्र टाकजो."

शिक्षण संपलं, मी मुंबईतच राहिलो. गावाकडे घर आहे का, असं इथं लोक विचारत. मी म्हणायचो, आहे. तिथं मी मायच्या नावानं पत्र टाकतो आणि बाबा ते मोठ्यानं वाचतात.