काकांच्या बाटल्या आणि माझं पंचांग

देवासच्या आमच्या लॅबमध्ये एका सकाळी फोन वाजला आणि माझी चांगलीच फजिती झाली. दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे... पण आजही आठवली की कान गरम होतात.

फोनवर दिल्लीच्या एका मोठ्या प्रयोगशाळेतल्या मॅडम होत्या. कुठल्या देशात टायफॉइडवरचं कोणतं औषध कधीपासून चालेनासं झालं, ते त्या जंतूंच्या जीनवरून शोधत होत्या. त्यासाठी त्यांना जुने जंतू हवे होते. आता जुने जंतू कोण सांभाळून ठेवतं? तपासणी झाली की सगळेच नष्ट करतात.

आमचे सुभेदारकाका सोडून!

काका लॅबचे जुने टेक्निशियन, मी त्यांच्याच हाताखाली शिकले. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या संस्थानचं दफ्तर सांभाळलेलं, त्यामुळे काही टाकून देणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या उकळून, त्यात आगर, म्हणजे जंतूंचं खाद्य, भरून, जंतू टोचून ठेवायचे आणि वरून मेणाने बंद करायचे. लेबलवर पेशंटचं नाव, वर्ष आणि मिती... तारीख नाही, मिती! 'आश्विन वद्य चतुर्थी' वगैरे. आम्ही मागून हसायचो.

त्यातली एक बाटली माझ्या धाकट्या भावाची, नंदूची. नव्वदच्या दशकात धारला त्याला टायफॉइड झाला. नेहमीची कॅप्सूल आठ-दहा दिवस झाली तरी ताप हटेना, आईने तर देव पाण्यात घातले होते. शेवटी मीच त्याचं रक्त बसने देवासला आणलं.

काकांनी जंतू वाढवला, त्यावर औषधांच्या चकत्या ठेवल्या. त्या कॅप्सूलच्या चकतीला जंतू अगदी खेटून वाढलेला... दुसऱ्या एका औषधाभोवती मात्र स्वच्छ रिंगण. डॉक्टरांनी औषध बदललं आणि नंदू वाचला.

तर मॅडमना आम्ही या बाटल्या पाठवल्या. काका तोवर रिटायर झाले होते, म्हणून मित्यांच्या तारखा मी काढल्या. शेजारच्या पंडितजींकडून त्या त्या वर्षांची पंचांगं आणली आणि दोन दिवसांत यादी तयार. स्वतःवर भारीच खूश होते मी.

आणि आता हा फोन. "दीदी, आपके सैंपल में रेज़िस्टेंस का जीन आता है, फिर पंद्रह दिन गायब, फिर आ जाता है. तारीख़ें पक्की न हों तो देवास के सारे सैंपल हटाने पड़ेंगे."

काकांची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात... मला रडूच आलं. आणि खरं सांगते, पहिला विचार हाच आला की काकांनीच घोळ घातला असणार.

यादी पुन्हा काढली आणि नंदूच्या तारखेवर अडकले. पितृपक्षातली तारीख! पितृपक्षात तर तो ठणठणीत होता, आजोबांच्या श्राद्धाला चार वाट्या खीर हाणली होती. त्याचं रक्त घेऊन मी निघाले त्या दिवशी बसमध्ये मेंदी लावलेल्या बायका बसल्या होत्या... करवा चौथ होती, म्हणजे दसराही उलटलेला.

तशीच उठून काकांच्या घरी गेले. त्यांनी चष्मा चढवून यादी वाचली आणि विचारलं, "अगं, पंचांग कुणाचं पाहिलंस?"

"पंडितजींचं."

"मग बरोबर! इथल्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. आपला आश्विन वद्य, तो यांचा कार्तिक. हिंदी शाळेत घातलं ना तुम्हाला!"

म्हणजे शुद्ध पक्षातल्या तारखा बरोबर आणि वद्य पक्षातली एकूण एक तारीख महिनाभर आधीची. जन्म माळव्यात गेला माझा, आणि मला हे ठाऊक नव्हतं!

दुरुस्त यादी पाठवली. चार दिवसांनी मॅडमचा फोन आला... औषधाला दाद न देणारा तो जीन आता एकदाच येतो आणि मग जात नाही. काकांच्या बाटल्यांत तो पहिल्यांदा दिसतो तो नंदूच्या बाटलीत, आणि तसाच जीन दूरदूरच्या देशांतल्या जंतूंतही सापडलाय.

मी थक्क झाले. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाचे जीन वाचून माझी पंचांगातली चूक पकडली त्या लोकांनी! नंदू तर अस्सल माळवी थाटात म्हणाला, "अरे भिया, मी इंदूरच्या पुढे गेलो नाही अन् माझा जंतू दुनिया घूम आया!"

काकांना मी कबूल केलं की आधी संशय तुमच्यावरच घेतला होता. ते एवढंच म्हणाले, "घ्यावा. पण लेबल फाडू नये."

काका आता नाहीत. नंदू दरवर्षी आश्विन वद्य चतुर्थीला मला फोन करतो आणि आम्ही दोघं त्यांची आठवण काढतो... आपल्या पंचांगाने, हं!