मधला ठिपका

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझे बाकीचे दोष क्रमवार पाठ आहेत.

मी अमेरिकेत सिस्टिम्स सायन्स शिकवतो. म्हणजे काय? कशामुळे काय होतं आणि ते फिरून पुन्हा कुठे येतं, हे कागदावर बाण काढून दाखवायचं. मूळचा मी हैदराबादचा, कोठीतला. नव्वदनंतर देशाची दारं उघडली आणि एकाएकी सगळ्यांना नेतृत्व हवंसं झालं. तेव्हा दर डिसेंबरात मी तिथल्याच जामबागेतल्या एका सभागृहात शिबिर घेऊन तरुणांना ते शिकवायला येत असे. शाल, नारळ, माझ्या नावात दोन चुका असलेला फलक. या थाटाची मी मनसोक्त टिंगल करायचो — शाल मात्र घरी न्यायचो.

माझा एक नियम होता. चित्र पुरं झालं की त्यात स्वतःसाठी एक ठिपका काढायचा. व्यवस्थेच्या बाहेर कुणीच नसतं, असं मी फार गंभीरपणे सांगायचो.

सुलभा अफझलगंजच्या एका दोरखंडाच्या दुकानदाराची मुलगी. तिच्या गटाला मी प्रश्न दिला — शिबिरात पहिल्या दिवसानंतर निम्मी मुलं गप्प का होतात? तिने फळ्यावर बाण काढले. तेलुगू-मराठी शाळांतली मुलं इंग्रजीत अडखळतात, सर हसतात, ती गप्प होतात, इंग्रजीवाली बोलतात, सर खूश, ती आणखी बोलतात. गोल पुरा. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, तुमचा ठिपका राहिला की. काढू का?" आणि बरोब्बर मधे काढला.

मागून कुणीतरी ओरडलं, "उस्तादकोच पकड ली रे!"

हशा झाला. मीही हसलो, टाळ्या वाजवल्या, शाब्बास म्हणालो. चित्र अचूक होतं. तेच तर —

त्या वर्षी आमच्या विद्यापीठातल्या उन्हाळी अभ्यासक्रमासाठी एकाच्या नावाने शिफारसपत्र द्यायचं होतं. ती सुलभाच असणार, हे सगळे धरून चालले होते. तिच्या वडिलांनी पासपोर्टही काढून ठेवला होता. पत्र मी लिहिलं. तिच्याच नावाने लिहिलं. मुलगी हुशार आहे, पण इतरांबरोबर तिचं जमत नाही. एवढं एकच वाक्य. तेवढं पुरतं, हे मला ठाऊक नव्हतं? अशी वाक्यं वाचून मी स्वतः कितीतरी नावं खोडली होती.

नकार आला. पुढच्या डिसेंबरात मी तिला म्हणालो — फार प्रयत्न केला, पण स्पर्धा कठीण होती. तिने फ्रूट बिस्किटांचा पुडा माझ्या हातात दिला. "तुम्ही एवढं केलं सर. माझंच नशीब नक्को म्हणालं, त्याला तुम्ही काय करणार?"

बिस्किटं मी विमानात खाल्ली. चांगली होती.

तिने पुन्हा कुठे अर्ज केला नाही. आता ती जामबागेतच एका शाळेत शिकवते. गुरुपौर्णिमेला तिचं पत्र येतं. मुलांना अजून ठिपका काढायला लावते, असं लिहिते.

तिचं ते चित्र मी दर वर्षी वर्गात काढून दाखवतो. विद्यार्थ्यांना फार आवडतं. मधे ठिपका नसतो.