नगर नाक्यावर आहे, दहा मिनिटांत आलो!

सायकलच्या दुकानासमोर तुमचं मेडिकल असलं, की औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. औषधांना निदान एक्सपायरी तरी असते, यांना तीही नाही! खोकल्याची बाटली मागायला आलेल्या माणसालाही मी एखादा ऐकवतो. बायको आतून ओरडते, "अहो, बाटली द्या आणि सोडा त्याला!" पण मला स्वस्थ बसवत नाही. आमच्या टोळीत कुणालाच बसवत नाही, म्हणून तर आम्ही सकाळी उठून सायकली हाणतो.

टोळी म्हणजे तिघं. मी, गणित शिकवणारे शेख सर आणि वीज खात्यातून रिटायर झालेले विनायकराव कुलकर्णी. चौथा जब्बारभाई. औरंगपुऱ्यामागच्या आमच्या गल्लीत, माझ्या अगदी समोर त्याचं दुकान. तो स्वतः सायकल चालवत नाही. "हलवाई कभी मिठाई खाता क्या?" म्हणतो आणि स्कूटीवर फिरतो!

आता सांगतो ते सगळे किस्से एकाच सायकलचे. विनायकरावांची जुनी लोखंडी रेसर. लग्नाच्या आधीची. आम्ही बाकीचे अल्युमिनियमवर आलो, हे लोखंडालाच चिकटून राहिले.

०

विनायकरावांच्या पत्नी, मंदावहिनी, या वैजापूरच्या. वडिलांची कांद्याची आडत. बोलणं कमी, पण एकदा बोलल्या की विषय संपला. त्यांचा नियम एकच होता, निघताना कुठं चाललो ते सांगायचं आणि परतताना फोन करायचा.

विनायकरावांनी नियम पाळला, पण आपल्या पद्धतीनं. वेरुळात असोत की खुलताबादच्या घाटात, वहिनींचा फोन आला की हे ठरलेलं वाक्य टाकायचे, "नगर नाक्यावर आहे, दहा मिनिटांत आलो!" मग तासभर पत्ता नाही. आम्हाला इतकं पाठ झालं होतं की फोन वाजला की शेख सर आधीच कुजबुजायचे, "नगर नाका."

एकदा आम्ही दौलताबादच्या किल्ल्याखाली चहा पीत होतो. फोन आला. "नगर नाक्यावर आहे, दहा मिनि..." म्हणेपर्यंत मागून एक गाइड आला आणि खच्चून ओरडला, "साहब, गाइड? अंधारी दिखाता, अंधारी!" अंधारी म्हणजे किल्ल्यातला तो काळोखा, वळणावळणाचा रस्ता. मशालीशिवाय पाऊल टाकता येत नाही तिथं.

मग वहिनी म्हणाल्या, "नगर नाक्यावर अंधारी कधी खोदली हो?"

०

हसू येतं ना? पुढचा ऐका. हा मी काउंटरवर कुणाला ऐकवत नाही.

एका रविवारी परतताना मिटमिटा गावाच्या अलीकडे विनायकरावांनी चालत्या सायकलवरच फोन घेतला. तेच वाक्य. फोन खिशात सरकवायला मान खाली घातली, वर केली तर समोर कापसाची ट्रॉली उभी. आता माणसानं कापसाच्या ट्रॉलीला धडकावं आणि कापसात जावं की नाही? हे गेले खालच्या लोखंडात. खांद्याजवळचं हाड मोडलं, सायकलचं नाक आत गेलं, आणि फोन उडाला तो कुठल्या नाल्यात पडला, कुणास ठाऊक.

आम्ही पुढं होतो. मागं वळलो, रिक्षा केली, दवाखाना गाठला, फोटो काढला, प्लास्टर... या धावपळीत वहिनींना कळवायचं राहिलं. नंबर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता. होता तो विनायकरावांच्या फोनमध्ये, आणि फोन नाल्यात वाजत पडलेला.

दुपारी मी रिक्षानं त्यांच्या घरी गेलो. वहिनी फाटकाशी उभ्या होत्या. हातात फोन. नुसतं माझ्याकडं बघून म्हणाल्या, "भाऊजी, यांची दहा मिनिटं नाय झाली का अजून?"

मी त्यांना त्याच रिक्षात बसवलं.

दवाखान्यात मात्र रडल्या वगैरे नाहीत. प्लास्टर पाहिलं, सलाईन पाहिली, आणि एकच विचारलं, "नुसता चिमटा गेला का फ्रेमपण?" चिमटा म्हणजे पुढच्या चाकाला धरणारे ते दोन पाय. हा प्रश्न या बाईंना कसा सुचला, असं आम्हा तिघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. आम्ही पडलो हुशार!

घरी आल्यावर त्यांनी निकाल दिला. "ती सायकल परत दारात दिसली, तर मी वैजापूरला. माहेरी. मग बसा तुम्ही दहा दहा मिनिटं मोजत."

०

प्लास्टरमधले विनायकराव म्हणजे घरात सोडलेला भोवराच. एका हातानं त्यांनी मिक्सर खोलला. चांगला चालत होता! जोडल्यावर तो बंद व्हायचं नाव घेईना. मग स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. वहिनींनी सवयीनं हात घातला आणि चहात मीठ पडलं. मग घड्याळ. मग दाराची बेल. ती वाजली की अख्ख्या बिल्डिंगची दारं उघडायची.

एक दिवस वहिनी माझ्या दुकानात आल्या. "भाऊजी, दिवसा झोप लागेल असं काही औषध आहे का?"

मी म्हटलं, "वहिनी, डॉक्टरांची चिठ्ठी लागते. आणि तुम्हाला झोप येत नाही का?"

"मला कशाला? त्यांना पायजे! लई झालं आता, तेवढंच घर टिकंल."

मला दोघांचीही दया आली. त्या माणसाला सायकलशिवाय जगता येईना, आणि त्या बाईला त्या सायकलसोबत.

०

प्लास्टर निघालं, तसे विनायकराव चोरून जब्बारभाईकडं आले. वाकडी सायकल शेख सरांनी तिथंच ठेवली होती. चिमटा बदलता येत होता. पण समोरून मार बसल्यामुळं हँडलखालच्या दोन्ही नळ्यांना बाक आला होता, आणि पुढचं चाक इतकं मागं आलं होतं की पायडल मारलं की बूट चाकाला घासणार.

मी म्हटलं, "विनायकराव, भंगारात द्या. नवी घ्या."

जब्बारभाई भडकला. "क्या बात करते मियाँ! ये लोहा है. लोहा रूठा, तो मनाने का. अल्युमिनियम रूठा, तो सीधा मायके! वापस नै आता."

सगळे हसले. विनायकराव सोडून!

"तुमच्या वहिनीला कळता कामा नये," ते म्हणाले. "आधी सरळ होऊ द्या. मग बघू कसं सांगायचं ते." कसं सांगायचं, हे चौघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

०

अडचण अशी, की वहिनी भाजीला आमच्याच गल्लीतून जातात. त्या वळणावर दिसल्या की जब्बारभाई शिट्टी मारायचा, आणि शेख सर ती नुसती फ्रेम उचलून माझ्या दुकानात, ओआरएसच्या खोक्यांमागं. वहिनी गेल्या की परत. आठवड्याभरात त्या फ्रेमनं गल्ली जितक्या वेळा ओलांडली, तितक्या वेळा सायकल असताना ओलांडली नसेल!

एकदा खोक्यांमागून तिचं टोक बाहेर राहिलं. गुडघ्याच्या गोळ्या घ्यायला आलेल्या एका आजोबांनी ते नीट न्याहाळलं.

"हे नवीन निघालं का? वॉकर?"

आणि बाहेर वहिनी उभ्या! मी म्हटलं, "हो हो."

आजोबांनी बाक आलेल्या नळीवरून हात फिरवला. "माझ्यासारखाच वाकलाय. राहू द्या, मला सरळ पायजे!"

वहिनींनी आत पाहिलं. ओआरएसची दोन पाकिटं घेतली आणि गेल्या.

०

आता सरळ करण्याचा किस्सा. जब्बारभाईची पद्धत अशी. हँडल जिथं बसतं त्या नळीत एक लांब, जाड पाइप घालायचा. फ्रेम दुकानाच्या दगडी उंबऱ्याला टेकवायची. आणि थोडंसं ओढायचं. मग मागच्या चाकाच्या खाचेपासून दोरी काढून, पुढून वळसा घालून, दुसऱ्या खाचेला आणायची. सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंची दोरी सारख्या अंतरावर आली की फ्रेम सरळ. नाही आली, की चहा प्यायचा आणि परत थोडंसं ओढायचं. दोरी शेख सरांच्या ताब्यात. ते मिलिमीटरखाली बोलत नाहीत.

हे "थोडंसं" विनायकरावांना सोसेना. येरझाऱ्या घालून घालून त्यांनी उंबरा झिजवला. "अहो, एकदाच जोर लावा ना!" जब्बारभाई म्हणाला, "साब, लोहे को भी सोचने का टाइम देना पडता." आणि चहा सांगायला कोपऱ्यावर गेला.

मी दुकानात होतो, सर दोरी गुंडाळत होते. विनायकरावांनी पाइप धरला, चांगल्या खांद्याचा सगळा जोर लावला आणि दिला एक हिसका! कर्रर्र झालं. पुढचा बाक निघाला, पण फ्रेम आडवी पिळली.

जब्बारभाई चहा घेऊन आला. फ्रेमकडं पाहिलं. चहाचे ग्लास खाली ठेवले. "पैले बीमार थी," तो म्हणाला, "अब पागल हो गयी."

तरी त्यांनी हट्टानं चाकं जोडायला लावली. सरळ फ्रेमची खरी परीक्षा एकच. हात सोडून चालवायची. सायकल सरळ गेली तर पास. आधी मी बसलो. हात सोडले, आणि सायकल डावीकडं वळत वळत कोपऱ्यावरच्या रसवंतीत. मग शेख सर बसले. तेही रसवंतीत! सर म्हणाले, "तुम्ही वजन चुकीचं टाकलंत." म्हणून मी परत बसलो. रसवंतीवाल्यानं मला येताना पाहिलं आणि न विचारता ग्लास भरायला घेतला.

०

त्यानंतर जब्बारभाईनं विनायकरावांना पाइपजवळ फिरकू दिलं नाही. आपल्या चालीनं ओढत राहिला. एका सकाळी शेख सरांनी दोरी लावली, दोन्हीकडून मोजलं, पुन्हा मोजलं, आणि नुसती मान हलवली. चाकं बसली. हँडल बसलं.

"अब साब खुद," जब्बारभाई म्हणाला.

विनायकराव बसले. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. परत गेले, परत आले. हात काही सोडेनात. मी ओरडलो, "हात सोडा!" ते थांबले. पाय टेकले. बोटं हँडलवर अशी आवळलेली की पांढरी पडली होती.

"सुटत नाहीत हो," ते म्हणाले. "आपोआप घट्ट होतात."

एवढा चळवळ्या माणूस, पण जागचा हलेना. आम्ही सगळे त्यांच्याभोवती जमलो. त्या गडबडीत जब्बारभाई शिट्टी मारायचा विसरला.

"दोरी लावून बघितली का?"

मंदावहिनी! पंजाबी ड्रेस, एका हातात भाजीची पिशवी, खांद्याला छोटी पर्स. विनायकराव सायकलवरून उतरले, की पडले, सांगता येणार नाही.

शेख सर वर्गात उत्तर दिल्यासारखे म्हणाले, "हो. दोन्हीकडं सारखी आहे."

"आन् हात सोडून?"

शेख सर दोरी गुंडाळायला लागले.

वहिनींनी पिशवी विनायकरावांच्या हातात दिली. "धरा. मेथी आहे, दाबू नका." ओढणी तिरपी बांधली, सायकल आडवी कलवली, दांडीवरून पाय टाकला आणि निघाल्या. अहो, त्या बसल्या कशा, तेच आम्हाला दिसलं नाही! रसवंतीवाला सवयीनं ग्लास घेऊन उभा राहिला. वहिनींनी त्याच्या अलीकडंच दोन्ही हात सोडले, वर नेले, आणि सैल झालेला अंबाडा नीट बांधला. सायकल रेघेसारखी पुढं गेली. वळणावर एक हात हँडलवर ठेवला आणि दिसेनाशा झाल्या.

"सीधी है," जब्बारभाई म्हणाला.

आम्ही थांबलो. वळसा घालून मागच्या बाजूनं येतील म्हणून तिकडं पाहत राहिलो. आल्या नाहीत. विनायकराव पिशवी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले आणि परतले. "भाजीवालीकडं काही राहिलं असेल," म्हणाले. पुन्हा गेले. शेख सर स्कूटी घेऊन पैठण गेटपर्यंत जाऊन आले. नाहीत! विनायकरावांनी नव्या फोनवरून फोन लावला. वाजला, उचलला नाही. परत लावला. परत. मी ग्लुकोजचं पाणी केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"तिला रस्त्याची सवय नाही हो," ते मला म्हणत होते. "ट्रक असतात. ट्रॉल्या उभ्या असतात कुठंही." आवाज बारीक झाला होता. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, पण माझंही लक्ष लागेना. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं. त्यांनी पिशवी छातीशी इतकी घट्ट धरली होती की मेथीचा पार चुरा झाला.

शेवटी फोन वाजला. गडबडीत त्यांचं बोट स्पीकरवर पडलं.

"मंदा! अगं कुठं आहेस तू?"

"नगर नाक्यावर आहे," वहिनी म्हणाल्या. चांगलीच धाप लागली होती. "दहा मिनिटांत आले!"

आणि त्यांच्या मागून, खणखणीत आवाजात, कुणीतरी ओरडलं, "मॅडम, गाइड? अंधारी दिखाता, अंधारी!"