जावेच्या पानातलं तेल

मी भांडखोर सून होते, यावर सासरी सगळ्यांचं एकमत होतं. त्या घरात बाकी कशावर लवकर एकमत होत नसे, तेव्हा हेही काही थोडं नाही. पण भांडण कशावरून झालं, हे नंतर जो तो आपल्या सोयीने सांगत राहिला. म्हणून आता माझ्या तोंडून ऐका. भांडण एक पळी तेलावरून झालं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मी पिंपळगाव राजाजवळच्या एका मोठ्या शेतकरी घराला. माझे वडील खामगावच्या कचेरीत कारकून आणि मी मराठी सातवी पास. सासरी या दोन्ही गोष्टींचा उपयोग मला टोमणे मारायला होई. घरात मामंजी, सासूबाई, मोठे दीर, जाऊबाई, त्यांची दोन लहान पोरं, माझे यजमान आणि मी. खायची ददात नव्हती. ज्वारीने पेवं भरलेली, गोठ्यात दोन म्हशी, तेल घरच्या करडीचं. पण रीत अशी की पुरुष आधी जेवणार, आणि भाजी, वरण, तूप त्यांच्या पानात जाणार. आम्हा बायकांना भाकर, मिरचीचा ठेचा आणि भाजीच्या भांड्याला जे काही चिकटून राहील ते. जाऊबाई भाकरीच्या तुकड्याने ते भांडं पुसून खात, आणि भाजी छान झाली होती म्हणून मलाच शाबासकी देत. मला त्याचा फार राग येई.

त्या साली त्या तिसऱ्यांदा गरोदर होत्या. पाचव्या महिन्यात त्यांना संध्याकाळचं दिसेनासं झालं. दिवेलागणीनंतर त्या भिंतीला हात लावत चालायच्या. एकदा मोठ्या दिरांच्या पानात वाढायचं वरण त्यांनी पाटावर ओतलं, तेव्हा घर हसलं आणि त्याही हसल्या. सासूबाई म्हणाल्या, पोटुशीपणात असं होतंच, बाळंत झाल्यावर नजर येते. आधीच्या दोन्ही खेपांना तसंच झालं होतं म्हणे. पण या खेपेला त्यांचे डोळे दिवसाही कोरडे पडत, वाळू गेल्यासारखे खुपत. त्यातच सातवा लागला तशी त्यांची भाकर अर्धी झाली. गरोदर बाईने पोटभर खाल्लं तर पोर मोठं होतं आणि बाळंतपणात अडतं, अशी गावात सगळ्यांची समजूत. आणि ही उपासमार सगळे मायेने करत. रागाने केली असती तर भांडायला सोपं गेलं असतं.

शाळेत आरोग्याच्या धड्यात आम्हाला शिकवलं होतं की भाकर, गूळ, तेल हे शरीराचं सरपण. त्यावर देह चालतो, ऊब धरतो. डाळ आणि दूध या विटा. त्यांनी हाडामांसाची भिंत उभी राहते. मला त्यावरून वाटे, जाऊबाईंच्या पोटातलं पोर बाहेरून विटा मिळत नाहीत म्हणून आईच्याच भिंतीतल्या काढून घेतंय. पण डोळ्यांचं कोडं ना सरपणाने सुटत होतं ना विटांनी. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा खामगावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, याहून तिसरी एक वस्तू असते, जीवनसत्त्व. चिमूटभरच लागतं, पण ते नसलं तर बाकीचं असून अडतं. डोळ्याला संध्याकाळचं बघायला ते लागतं, आणि मिळालंच नाही तर आधी रातांधळं येतं, मग बुबुळ मऊ पडून डोळा कायमचा जातो. पोरही त्याची शिदोरी न घेता जन्माला येतं. उपाय विचारला तर म्हणाल्या, दूध, लोणी आणि हिरवा पाला. मला हसूच आलं. शेवगा आमच्या परसात होता आणि तांदुळजा बांधावर नुसता माजला होता.

परतल्यावर मी चोरी सुरू केली. शेतात जाताना पाला खुडायचा, तिथेच तीन दगडांवर मडक्यात उकडायचा, मीठ टाकून जाऊबाईंना खाऊ घालायचा. त्या बिचाऱ्या माझ्या समाधानासाठी खात. असे पंधरा-वीस दिवस गेले आणि संध्याकाळी त्यांचा हात भिंतीवरच. मला माझ्या सातवीची लाज वाटायला लागली. बाजाराच्या दिवशी काहीतरी निमित्त काढून मी पुन्हा खामगावला गेले आणि नर्सबाईंना तुमचं औषध खोटं आहे असं तोंडावर सांगितलं. त्यांनी शांतपणे एकच विचारलं.

"पाल्यात तेल किती घातलंस?"

मी म्हणाले, थेंबभर नाही. तेव्हा त्यांनी समजावलं की ही वस्तू पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात विरघळते. तेल नसलेल्या पोटातून ती बरीचशी अंगी न लागता तशीच बाहेर पडते. परतीच्या वाटेवर बैलगाडीत बसून मी विचार केला. पाला चोरता येत होता, तेल नाही. तेलाचं भांडं सासूबाईंच्या हातात असे आणि पळी मोजून पडे. म्हणजे आता चोरी पुरणार नव्हती, उघड भांडावं लागणार होतं. खरं सांगते, मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुष शेतावरून आले, हातपाय धुऊन पाटावर बसले. मी तांदुळज्याची भाजी लसणाची फोडणी देऊन केली होती. पहिलं ताट वाढलं, त्यात भाजी घातली, भाजीवर पळीभर तेल, वरणावर तूप, बाजूला दोन भाकरी. आणि ते ताट मामंजींपुढे न ठेवता दाराआड बसलेल्या जाऊबाईंपुढे ठेवलं. मामंजींनी हे काय म्हणून विचारलं. मी तोवर त्यांच्यासमोर किंवा मोठ्या दिरांसमोर एक शब्द बोलले नव्हते, तशी पद्धतच नव्हती. त्या दिवशी बोलले, आणि भिंतीकडे तोंड करूनही नाही.

"आधी इचं पान. हे दोन जिवांचं खाते, तुमी एका जिवाचं."

मोठे दीर पाटावरून उठले. यजमान आपल्या ताटाकडे बघत राहिले, अजून रिकामं होतं ते. सासूबाईंनी येऊन ताट उचलायला हात घातला.

"लय खाल्लं तं लेकरू अडते. तू काय शिकवून राह्यली मले?"

मी ताटाचा दुसरा काठ धरला. आम्ही दोघी ताट ओढत होतो आणि जाऊबाई मान खाली घालून बसल्या होत्या. मला वाटलं, आता त्याच म्हणतील की मला नको, आणि माझं सगळं मातीत जाईल. त्यांनी ते वाक्य आयुष्यभर म्हटलं होतं. पण त्यांनी हात पुढे करून ताट आपल्याकडे ओढलं.

"मले दिवे लागले की दिसत नाही. आता दिवसाही डोळे दुखते. मी खातो."

आणि त्या सगळ्यांदेखत खाऊ लागल्या. खाताना रडत होत्या, पण एक घास टाकला नाही. शेवटी मामंजींनी आपलं ताट पुढे सरकवलं आणि मी वाढलं.

त्यानंतर आठ दिवस मोठ्या दिरांनी माझ्या हातचं खाल्लं नाही. मी रोज पहिलं पान जाऊबाईंचंच वाढलं. सासूबाई तेलाचं भांडं लपवून ठेवत. मी शोधून काढी. भाऊबंदांत माझी बरीच बदनामी झाली, तिला मी भीक घातली नाही.

महिन्याभरात जाऊबाईंचा हात भिंतीवरून सुटला. एका संध्याकाळी आम्ही दोघी अंगणात गोवऱ्या उचलत होतो, तेव्हा त्यांनी माझा दंड धरून ओट्याकडे बघायला लावलं. सासूबाई रोज दिवेलागणीआधीच माळ घेऊन ओट्यावर बसत आणि कुणीतरी हात धरून नेईपर्यंत हलत नसत. आम्ही त्याला त्यांचा नेम समजत होतो. त्यांची माळ खाली पडली होती. त्या हाताने जमीन चाचपत होत्या आणि माळ त्यांच्या पायाशी वीतभर अंतरावर होती.

जाऊबाई जवळ जाऊन बसल्या, माळ हातात दिली आणि कधीपासून असं विचारलं. सासूबाई माळेचे मणी चाचपत म्हणाल्या,

"मोठ्याच्या वक्तापासून. कोणाले सांगू नका."

मोठा म्हणजे माझे मोठे दीर. त्यांचं वय तेव्हा तिशीच्या पुढे होतं. जाऊबाईंनी नाही सांगत म्हणून शब्द दिला. मी दिला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुष पाटावर बसले तेव्हा मी दोन ताटं आधी वाढली, दुसरं सासूबाईंपुढे ठेवलं आणि त्यांच्या थोरल्या लेकाकडे बघत मोठ्याने सांगितलं की तुमच्या जन्मापासून यांना संध्याकाळचं दिसत नाही. सासूबाईंनी मला नंतर कधी त्याची माफी दिली नाही. पण त्या दिवशी भाजीवर तेल घातलं तेव्हा त्यांनी हात आडवा केला नाही.